वाचकांचे प्रश्न : मोडून पाहण्याची स्पर्धा

संगणकीय गुप्ततेची मानके खुल्या स्पर्धेतून कशी निवडली जातात, याविषयी गेल्या अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. जगभरच्या संशोधकांनी आपापल्या कूटरचना, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याच्या पद्धती, पाठवायच्या, त्या सर्वांसमोर उघड मांडायच्या, इतरांनी त्या मोडून पाहायच्या आणि काही वर्षांच्या मोडतोडीनंतर जी टिकेल तिला मानकाचा दर्जा द्यायचा, अशी ही पद्धत आहे. त्या टिपणावर आलेली पत्रे चाळताना असे दिसले की, गणिताबद्दल शंका विचारणारे वाचक थोडे आहेत. बहुतेकांना कुतूहल आहे ते या स्पर्धेत उतरणाऱ्या माणसांविषयी. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. ज्या पत्रांचा आशय एकच होता, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : सरकारजवळ तज्ज्ञ असतात. त्यांनीच एखादी चांगली रचना ठरवून लागू केली, तर एवढ्या लोकांची चार-पाच वर्षे खर्ची घालण्याची गरज काय? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी)

उत्तर : तसे एकदा करून झाले आहे आणि त्याचा अनुभव बोलका आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७३ आणि १९७४ मध्ये कूटरचना मागवल्या. आयबीएम कंपनीने पाठवलेली रचना निवडली गेली आणि १९७७ मध्ये ती 'डीईएस' या नावाने मानक झाली. मधल्या काळात ती रचना एनएसए या गुप्तचर संस्थेच्या नजरेखालून गेली, तिच्यातील अदलाबदलीचे तक्ते बदलले गेले आणि किल्लीची, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या गुप्त संख्येची, लांबी ५६ बिटांवर आली. हे बदल कोणत्या कारणाने झाले, हे कोणी सांगितले नाही. कारण सांगितले नाही, की ऐकणारा ते स्वतःच्या मनाने भरून काढतो आणि ते सहसा चांगले नसते. तक्त्यांत चोरवाट ठेवली असावी, हा संशय पुढे दीड-दोन दशके टिकून राहिला.

गंमत अशी की, तक्त्यांबाबतचा संशय निराधार ठरला. १९९०च्या सुमारास एली बिहॅम आणि आदी शामिर यांनी कूटरचना मोडण्याची एक नवी पद्धत जाहीर केली, तेव्हा डीईएसचे तक्ते त्या पद्धतीपुढे अनपेक्षितपणे चिवट असल्याचे आढळले. मूळ गटातले डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९४ मध्ये लिहून टाकले की, ही पद्धत आयबीएमला सत्तरच्या दशकातच ठाऊक होती आणि तक्ते तिला तोंड देण्यासाठीच तसे घडवले होते. किल्लीच्या आखूडपणाबद्दलचा आक्षेप मात्र अगदी रास्त होता. १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरांच्या आत बांधलेल्या एका खास यंत्राने ती किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली. म्हणजे जे काम चांगले झाले होते त्याचे श्रेय वीस वर्षे कोणाला मिळाले नाही आणि जे उणे होते त्यावर उघड आक्षेप घेतले गेले, तरी त्याच वीस वर्षांत ते दुरुस्त झाले नाही. त्याच संस्थेने, 'निस्ट' या नव्या नावाने, जानेवारी १९९७ मध्ये डीईएसच्या जागी नवे मानक हवे असल्याचे जाहीर केले, तेव्हा स्पर्धकांच्या रचनाच काय, निवडीचे निकष कोणते असावेत हेसुद्धा आधी लोकांपुढे चर्चेला ठेवले. तज्ज्ञांची उणीव तिला तेव्हाही नव्हती. उणीव होती ती बाहेरच्यांच्या विश्वासाची, आणि तो आतल्या खोलीत तयार करता येत नाही.

प्रश्न : या स्पर्धेत परीक्षक वेगळे नसतात, स्पर्धकच एकमेकांच्या रचना तपासतात, असे आपल्या टिपणावरून वाटले. मग मत्सर, गटबाजी, हितसंबंध यांचे काय? आमच्या नोकरीच्या काळात अशी समिती कोणी चालू दिली नसती. (बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी)

उत्तर : अंतिम निर्णय निस्टचाच असतो, पण तो ज्या पुराव्यावर घ्यायचा, तो पुरावा मोठ्या प्रमाणावर स्पर्धकच गोळा करतात, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. मत्सरही असतो. आपल्या समितीत आणि या स्पर्धेत फरक एवढाच की, येथे मत्सर वाटणाऱ्याला नुसते मत देऊन चालत नाही. त्याला हल्ला लिहून दाखवावा लागतो आणि तो हल्ला पुन्हा इतर सगळे तपासतात. शेजाऱ्याची रचना आवडत नाही, या वाक्याला तेथे काही किंमत नाही. ती अमुक इतक्या पायऱ्यांत मोडते, हे सिद्ध केले तर आहे.

एक प्रसंग थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा येथे डीईएसच्या जागी यायच्या नव्या मानकाच्या, म्हणजे एईएसच्या, स्पर्धेची पहिली परिषद भरली. पंधरा रचना स्वीकारल्या गेल्या होत्या आणि प्रत्येक गटाने आपली रचना सभागृहासमोर मांडायची होती. त्यांत 'मॅजेंटा' नावाची, जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमची रचना होती. तिची १२८ बिटांची किल्ली दोन अर्धांत तोडली जात असे. पहिल्या अर्धाला क आणि दुसऱ्याला ख म्हटले, तर सहा आवर्तनांत, म्हणजे मजकूर घुसळण्याची तीच क्रिया सहा वेळा करताना, ते अर्ध क, क, ख, ख, क, क या क्रमाने वापरले जात. हा क्रम उलटीकडून वाचला तरी तोच राहतो. कूटशास्त्रातल्या जाणत्या डोळ्यांना अशी सममिती लगेच खुपते, कारण तिच्यामुळे कुलूप लावण्याची आणि उघडण्याची क्रिया जवळजवळ एकच होऊन बसते. समोर बसलेल्या मंडळींना ती खुपली आणि परिषद संपायच्या आत मॅजेंटावरच्या हल्ल्याचे टिपण लिहून तयार झाले. त्यावर सहा नावे आहेत. त्यांपैकी चौघेजण, म्हणजे बिहॅम, लार्स नुडसेन, नील्स फर्ग्युसन आणि ब्रूस श्नायर, हे त्याच परिषदेत आपापल्या रचना घेऊन आलेले प्रतिस्पर्धी होते. हल्ल्यासाठी २ चा ६४ वा घात इतक्या पायऱ्या लागत होत्या, म्हणजे त्या काळात तो प्रत्यक्ष करून पाहणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. तरीही मॅजेंटाची स्पर्धा तेथेच संपली. ज्यांनी कधी विद्वानांच्या सभेत निबंध वाचला आहे, त्यांना त्या दिवशी मॅजेंटाच्या गटाला काय वाटले असेल, याची कल्पना करता येईल.

आता याची दुसरी बाजू. अंतिम फेरीतल्या पाच रचनांत श्नायर, फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांची 'ट्वोफिश' होती, तशीच योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोघा बेल्जियन तरुणांची 'राइनडाल'ही होती. ट्वोफिशच्या गटाने २००० मध्ये राइनडालवर जोर लावून हल्ला केला आणि तिची आवर्तने कमी केली तर ती कुठवर मोडते, हे दाखवले. पूर्ण आवर्तनांची राइनडाल मात्र त्यांना हलवता आली नाही. आपली रचना जिंकावी असे ज्यांना मनापासून वाटत होते, त्यांनीच इतके प्रयत्न करूनही ती मोडली नाही, याहून मोठे प्रशस्तिपत्र राइनडालला कोणी देऊ शकले नसते. मला विचाराल तर या स्पर्धांचे सारे मर्म एवढ्यात आले. एखादी रचना बळकट आहे, हे सिद्ध करण्याची पक्की रीत गणिताजवळ अजून नाही. हुशार आणि हितसंबंध असलेल्या माणसांनी ती मोडायला पुरेसा वेळ घालवला आणि त्यांना ते जमले नाही, एवढेच सांगता येते. मत्सर हे त्यांना तो वेळ घालवायला लावणारे इंधन आहे.

गटबाजीविषयी आपण विचारले आहे, म्हणून एक आकडेवारी देतो. एप्रिल २००० मध्ये न्यूयॉर्क येथे तिसरी परिषद झाली, तेव्हा उपस्थितांची पसंती-नापसंती विचारण्यात आली. राइनडालला ८६ जणांनी अनुकूल मत दिले, 'सर्पंट'ला ५९, ट्वोफिशला ३१, 'आरसी६'ला २३ आणि आयबीएमच्या 'मार्स'ला १३ जणांनी. मार्सच्या विरोधात ८४ मते पडली. हा कौल निस्टवर बंधनकारक नव्हता, पण २ ऑक्टोबर २००० रोजी निवड जाहीर झाली ती राइनडालचीच. अमेरिकेच्या सरकारी मानकासाठी अमेरिकेतल्या दोन बलाढ्य कंपन्यांच्या रचना बाजूला ठेवून परदेशातल्या दोघांची रचना घेतली गेली, यावरून हितसंबंधांचे वजन किती पडले, याचा अंदाज आपण बांधू शकता. श्नायर यांनी त्यानंतर या प्रक्रियेची जाहीर प्रशंसा केली. हरलेल्याने असे लिहिले म्हणजे जगातल्या उरलेल्या शंकेखोरांचे निम्मे काम संपते.

प्रश्न : विजेत्याला किती रक्कम मिळते? (एक वाचक)

उत्तर : निस्टच्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नसते. उलट रचनाकारांना आपल्या रचनेवरील हक्कांबाबत लेखी निवेदन सही करून द्यावे लागते आणि एईएसच्या वेळी तर, निवड झाल्यास ती रचना जगभर कोणालाही विनामूल्य वापरता येईल, हे मान्य करूनच उतरावे लागले. मिळतो तो लौकिक, आणि या क्षेत्रात नोकरी, विद्यार्थी, संशोधन निधी हे सगळे लौकिकाच्याच मागोमाग येते.

प्रश्न : माझी मुलगी गेली काही वर्षे एका संशोधन गटात कूटरचनेवर काम करत होती. गेल्या वर्षी दुसऱ्या कोणीतरी ती रचना मोडली. ती म्हणते, "आई, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, शास्त्र असेच चालते." मला ते खरे वाटत नाही. तिची वर्षे वाया गेली का? (एका वाचक भगिनीचे पत्र)

उत्तर : आपल्याला ते खरे वाटत नाही, हे योग्यच आहे. मुलीला वाईट वाटले असणार. ती आपल्याला त्रास नको म्हणून तसे बोलत असावी आणि थोडे स्वतःलाही समजावत असावी. तिचे वाक्य मात्र खोटे नाही. ते का, हे दोन-तीन उदाहरणांनी सांगतो.

क्वांटम संगणक आले तरी टिकतील अशा रचनांची निवड निस्टने २०१६ मध्ये सुरू केली. तिच्यात 'सायक' नावाची एक रचना होती. तिच्या मुळाशी असलेली कल्पना २०११ मधली; ती देखणी होती, तिच्या किल्ल्या आटोपशीर होत्या आणि दहा-अकरा वर्षे अनेकांनी पाहूनही तिला तडा गेला नव्हता. ५ जुलै २०२२ रोजी निस्टने आणखी अभ्यासासाठी चौथ्या फेरीत घेतलेल्या चार रचनांत तिचे नाव होते. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, ३० जुलैला, बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी एक निबंध जाहीर केला. एर्न्स्ट कानी या गणितज्ञाचा १९९७ मधला एक सिद्धांत त्यांनी हाताशी धरला होता. हा सिद्धांत कूटशास्त्रासाठी लिहिलेला नव्हता आणि एवढी वर्षे कूटशास्त्रातल्या बहुतेकांच्या वाटेत तो आलाही नव्हता. त्याच्या आधारे लिहिलेल्या प्रोग्रामने सायकच्या सर्वांत लहान अधिकृत आवृत्तीची गुप्त किल्ली साध्या संगणकाच्या एकाच गाभ्यावर तासाभरात काढून दाखवली. ज्या कामाला महासंगणकांनाही युगे लागावीत असे मानले होते, ते दुपारच्या चहाच्या आत उरकले.

सायकच्या गटाने पुढे काय केले, ते मुलीला जरूर सांगा. त्यांनी हल्ल्यावर वाद घातला नाही. आमची रचना असुरक्षित आहे आणि ती वापरू नये, असे त्यांनी स्वतःच आपल्या अधिकृत कागदपत्रांत लिहून टाकले. डझनाहून अधिक माणसांची अनेक वर्षे दोन वाक्यांत मिटवणे सोपे नसते. पण त्या गणिताचे पुढे काय झाले? जो सिद्धांत हल्ल्याचे हत्यार झाला, त्याचाच उपयोग करून नव्या रचना बांधण्याचे काम पुढच्या वर्षभरातच सुरू झाले आणि ते बांधणाऱ्यांत जुन्या विषयावर मेहनत केलेली मंडळी पुढे होती, कारण ते गणित त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला अवगतच नव्हते. आपल्या मुलीजवळही आज असेच काहीतरी असेल, जे रचना मोडणाऱ्याजवळही नसेल.

दुसरे उदाहरण माघारीचे आहे आणि मला ते अधिक आवडते. शा-३ या हॅश मानकाच्या, म्हणजे कोणत्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढण्याच्या मानकाच्या, स्पर्धेत रॉन रिव्हेस्ट यांची 'एमडी६' ही रचना होती. रिव्हेस्ट म्हणजे आरएसए या प्रसिद्ध कूटपद्धतीच्या नावातले पहिले अक्षर. या क्षेत्रात त्यांच्याहून मोठे नाव सांगता येणे कठीण. त्यांची रचना कोणी मोडली नव्हती. पण ती पुरेशी वेगवान करायची तर आवर्तने कमी करावी लागत होती आणि कमी आवर्तनांच्या रूपाला एका जातीच्या हल्ल्यांपासून संरक्षण असल्याची सिद्धता देता येत नव्हती. तेव्हा जुलै २००९ मध्ये त्यांच्या गटाने आपण होऊन कळवले की, आमची रचना पुढच्या फेरीसाठी तयार नाही. कोणी न मागता दिलेली ही कबुली होती.

आणि तिसरे, अगदी ताजे. एप्रिल २०२४ मध्ये बीजिंगच्या छिंगहुआ विद्यापीठातील यिलेई चेन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. नव्या मानकांपैकी बहुतेक ज्या गणिती कोड्यावर उभी आहेत, त्या जातीच्या कोड्यांवर क्वांटम संगणक मात करू शकेल, असा त्याचा निष्कर्ष होता. आठवडाभर जगातल्या निवडक माणसांना झोप नव्हती. आठव्या दिवशी दोन अभ्यासकांना, एकमेकांच्या नकळत, नवव्या पायरीत चूक सापडली. चेन यांनी त्याच दिवशी निबंधाच्या पहिल्या पानावर, ठळक जागी, लिहिले की नवव्या पायरीत चूक आहे, ती कशी दुरुस्त करावी हे मला माहीत नाही आणि म्हणून मूळ दावा टिकत नाही. चूक दाखवणाऱ्या दोघांचे नाव घेऊन त्यांनी आभारही मानले. त्यांना कोणी हसल्याचे माझ्या वाचनात आले नाही. तो निबंध लिहायला लागलेले धाडस आणि ती ओळ लिहायला लागलेले धाडस, यांत दुसरे मोठे म्हणावे लागेल.

आपल्या मुलीला याहून अधिक समजावण्याची गरज नाही. थोडे दिवस तिला रचनेविषयी न विचारता जेवणाविषयी विचारा.

प्रश्न : 'राइनडाल' हा उच्चार बरोबर आहे का? (तीन वाचक)

उत्तर : जवळपास आहे. डामेन आणि रायमेन या आडनावांचे तुकडे जोडून ते नाव केले आहे आणि डच भाषेतील तो स्वर देवनागरीत नेमका उतरत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांची त्याहून अधिक पंचाईत झाली होती. मानक झाल्यावर नाव 'एईएस' झाले आणि प्रश्न सुटला. जाता जाता, याच डामेन यांच्या गटाने पुढे २०१२ मध्ये शा-३ची स्पर्धाही 'केचाक' या रचनेने जिंकली. अंतिम फेरीत त्यांच्यासमोर असलेल्या 'स्केन'च्या गटातले श्नायर यांनी निकालाच्या आठवडाभर आधी लिहिले होते की, जुनी शा-२ अजून भक्कम असल्याने कोणालाच विजयी घोषित करू नये, असे आपल्याला वाटते. स्वतः अंतिम फेरीत असताना स्पर्धाच निकालाविना संपावी, अशी इच्छा जाहीर करणारा स्पर्धक दुसऱ्या कोणत्या खेळात पाहायला मिळेल, हे मला सांगता येणार नाही.

प्रश्न : स्पर्धा हा नुसता देखावा असून आतून गुप्तचर संस्थाच सूत्रे हलवतात, असे वाचले. आपण याबद्दल काहीच लिहिले नाही. (एक वाचक, पत्राचा सूर बराच कडक आहे)

उत्तर : सूर कडक असला तरी प्रश्न योग्य आहे, कारण असे एकदा घडल्याचे मानायला भरपूर आधार आहे. निस्टने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक संख्यांच्या मानकात 'ड्युअल ईसी' नावाची एक पद्धत होती. तिच्यातील काही ठरावीक संख्या कोणी आणि कशा निवडल्या, हे स्पष्ट नव्हते. डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी २००७ मध्येच दाखवले की, त्या संख्या निवडणाऱ्याला हवे असेल तर त्यांत चोरकिल्ली ठेवता येते. २०१३ मध्ये एनएसएसाठी कंत्राटावर काम केलेले एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून त्या शंकेला जोर आला आणि निस्टने आधी ती पद्धत न वापरण्याचा सल्ला दिला, मग २०१४ मध्ये ती काढूनच टाकली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ड्युअल ईसी कोणतीही स्पर्धा जिंकून आलेली नव्हती. ती समितीतून आली होती.

त्या धक्क्याचे पडसाद स्पर्धेपर्यंतही पोचले. २०१३ मध्येच निस्टने शा-३ला अंतिम रूप देताना वेगासाठी एका अंतर्गत मापाची लांबी थोडी कमी करण्याचा विचार मांडला. तांत्रिकदृष्ट्या त्यात गैर काही नव्हते आणि केचाकच्या रचनाकारांनीही त्याचे समर्थन केले होते. एरवी दहा-पंधरा जणांनी चर्चा करून विषय संपला असता. पण त्या वर्षी जिंकलेल्या रचनेला स्पर्धेनंतर हात लावणे, हीच लोकांना शंकेची जागा वाटली, मोठी हाकाटी झाली आणि नोव्हेंबरमध्ये निस्टने तो बदल मागे घेतला. मला व्यक्तिशः तो बदल निरुपद्रवी वाटतो आणि तो मागे घेणे हाही शहाणपणाचा निर्णय वाटतो. चार वर्षे खपून कमावलेला भरवसा थोड्याशा वेगासाठी पणाला लावणे परवडणारे नव्हते.

तेव्हा आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे की, गुप्तचर संस्थांना स्वारस्य असते, त्यांची माणसे परिषदांना येतात, त्यांचे मतही विचारात घेतले जाते. मात्र अनेक देशांचे एकमेकांवर विश्वास नसलेले लोक ज्या रचनेतील प्रत्येक संख्येचे कारण विचारतात, तेथे काही लपवणे अवघड होते. अशक्य होते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रश्न : क्वांटमोत्तर स्पर्धेत ६९ रचना होत्या, असे आपण लिहिले होते. त्या सगळ्या खरोखर कोणी वाचल्या का? (गणिताच्या एक प्राध्यापिका)

उत्तर : बाई, आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. नोव्हेंबर २०१७ पर्यंत ८२ रचना आल्या आणि त्यांतील ६९ नियमांप्रमाणे पूर्ण असल्याने पहिल्या फेरीत घेतल्या गेल्या. काहींना जाहीर झाल्यावर दिवसांतच तडे गेले आणि काही गटांनी आपण होऊन माघार घेतली. तो भाग सोपा. अवघड भाग मधल्या रचनांचा असतो, ज्या चटकन मोडत नाहीत आणि ज्यांच्याबद्दल फारसे कुतूहलही नसते. अशी रचना वाचायला दोन-तीन महिने देणारा माणूस मिळत नाही, आणि मग 'मोडली नाही' या शेऱ्याखाली 'पाहिली नाही' ही वस्तुस्थिती झाकली जाते. निस्टने २०१९ मध्ये ६९ वरून २६ वर येताना, थोड्यांवर अधिक जणांचे लक्ष एकवटावे, हाही विचार केलेला दिसतो.

आणि हे लक्ष देणारे कोण? प्रामुख्याने पीएच.डी.चे विद्यार्थी आणि नुकतीच पदवी मिळालेले संशोधक. 'रेनबो' ही डिजिटल सहीची रचना २००५ पासून होती आणि तिसऱ्या फेरीत अंतिम उमेदवार ठरली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉर्ड बुलेन्स या तरुण संशोधकाने तिची पहिल्या सुरक्षा पातळीची किल्ली एका लॅपटॉपवर ५३ तासांत काढली. शुक्रवारी संध्याकाळी काम लावले, की सोमवारी सकाळी किल्ली हातात, असा तो हिशेब. सतरा वर्षे अनुभवी मंडळींच्या डोळ्यांसमोर असलेल्या रचनेत त्यांना हे दिसले, याचे एक कारण मला असे वाटते की, नवख्या माणसाला कोणत्या वाटेने जाणे व्यर्थ आहे, हे कोणी शिकवलेले नसते. याच बुलेन्स यांनी त्याच कुळातल्या गणितावर 'मेयो' ही रचना मांडली आहे आणि आता ती मोडण्याचा प्रयत्न इतरांनी करायचा आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी. करत आहे. अशा स्पर्धेत भाग घ्यायचा, तर सुरुवात कशी करावी? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : रचना करण्यापासून सुरुवात करू नका. प्रथम दुसऱ्याची मोडून पाहा. डिजिटल सहीच्या नव्या रचनांसाठी निस्टने स्वतंत्र प्रक्रिया सुरू केली असून २०२३ मध्ये तिच्या पहिल्या फेरीत ४० रचना होत्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतील १४ पुढे गेल्या. प्रत्येक रचनेचे वर्णन, नमुना प्रोग्राम आणि तपासणीसाठीची उदाहरणे कोणालाही विनामूल्य मिळतात. तुम्हाला ज्या गणिताची गोडी आहे, त्यावर उभी असलेली एक निवडा. वर्णन वाचून ती स्वतः, नमुना प्रोग्राम न बघता, पुन्हा लिहा. वर्णनातल्या संदिग्ध जागा याच कामात सापडतात. मग तिचे मापदंड, म्हणजे किल्लीच्या लांबीसारखे आकडे, इतके लहान करा की ती तुमच्या संगणकावर निव्वळ चाळून मोडता येईल आणि मापदंड एकेक पायरी वाढवत मोडण्याचा वेळ कसा वाढतो, ते मांडा. रचनाकारांनी सांगितलेल्या गतीपेक्षा तो हळू वाढताना दिसला, तर तेथे थांबून पाहा.

काही सापडले असे वाटले, तर लगेच जाहीर करू नका. २००४ मध्ये वांग शिआओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ हे हॅश फंक्शन मोडले, तेव्हा त्यांच्या पहिल्या मसुद्यातील उदाहरण जुळत नव्हते, कारण सुरुवातीच्या स्थिरांकांतील बाइटांचा क्रम उलटा घेतला गेला होता. पद्धत अचूक होती. लोकांनी ती चूक दाखवताच त्यांनी नव्याने आकडेमोड केली आणि सँटा बार्बरा येथील सभेत योग्य उदाहरण मांडले, तेव्हा सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांची पद्धत खरी होती, म्हणून ते निभावले. तुम्ही आधी एखाद्या मैत्रिणीला तुमचा प्रोग्राम तिच्या संगणकावर चालवायला सांगा. तोच निकाल आला तर रचनाकारांना पत्र लिहा आणि त्यात कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या मापदंडांसाठी, किती वेळात, कोणत्या यंत्रावर, हे चार तपशील पहिल्याच परिच्छेदात द्या. उत्तर बहुधा दोन-तीन दिवसांत येईल, कारण असे पत्र आले की कोणताही रचनाकार दुसरे काही करत बसत नाही.